कडा

माझं नाव अजून सुवार्ता आहे.
गॅसच्या पुस्तकावर, बँकेत, मतदार यादीत.
नवा क्लार्क विचारतो, म्हणजे बातमी का हो?
मी म्हणते, हो, चांगली. आणि सही करते.

मंडळीत म्हणतात, ती खरी ख्रिस्ती नव्हतीच.
पहिल्यांदा अमोलिककाका म्हणाले,
देवळाच्या आवारात सायकलचं कुलूप काढता काढता:
खरी असती तर गेली असती का?
गेली, म्हणजे खरी नव्हती.
इतकं गोल, की बोट घालायला कुठे फटच नाही.

मी घरी येऊन जुना हिशोब मांडला.
बाराव्या वर्षी दृढीकरण. आईनं
ससूनमधल्या एका नर्सबाईंच्या जुन्या साडीचा फ्रॉक शिवलेला.
बिशपांचा हात डोक्यावर आला. जड होता, ऊबदार होता.
त्या रात्री मी उशीला डोकं लावलं नाही,
पुसलं जाईल म्हणून.
ती मुलगी खोटी होती,
हे तिला सांगणार कोण? मी तर नाही सांगायची.

विचारतात, झालं तरी काय?
पाळकांशी वाजलं? ट्रस्टच्या जागेचं काही?
कोणी दुखावलं, कोणी गेलं?
आमच्या गुरुवार पेठेत कारणाशिवाय
दूधसुद्धा नासत नाही.

प्रभुभोजनाचा पाव कापायचं काम माझ्याकडे होतं,
दर शनिवारी संध्याकाळी, एकोणीस वर्षं.
नाना पेठेतल्या बेकरीतून दोन मोठे पाव.
आधी कडा काढायच्या,
मग बोटाच्या पेराहून लहान चौकोन,
एकशे ऐंशी, नाताळला अडीचशे,
वर पांढरं फडकं.
कडा मी खायचे, चहात बुडवून.
त्या अजून पवित्र झालेल्या नसत, तेवढी सवलत होती.

कापताना मी बोलत नसे.
समोरूनही कोणी बोलत नसे.
त्या दोन शांतता मला वेगवेगळ्या ओळखू यायच्या.

एका शनिवारी, ऑगस्ट असेल,
मनोऱ्यातून सातचे टोले पडले
आणि लक्षात आलं, शांतता एकच आहे.
माझी.
पाव होता. सुरी होती.
मी मोजून एकशे ऐंशी कापले.

पुढे दोन वर्षं कापत राहिले.
बस चुकली असेल, मागची येईल,
अशी थांब्यावर उभी राहिल्यासारखी.
लोक त्याला ढोंग म्हणतात.
त्या दोन वर्षांइतकी खरी
मी आधी कधीच नव्हते.
मग किल्ली परत केली. सुरीसुद्धा,
ती देवळाची होती.

मागच्या डिसेंबरात अमोलिककाकांना अर्धांग झालं.
मुलगा पर्थला. मंडळी आली, प्रार्थना झाली,
सफरचंदं इतकी आली की शेवटी सडली.
दुपारचे वार सगळ्यांनी वाटून घेतले, बुधवार उरला.
तो माझ्याकडे कसा आला ते विचारू नका,
आमचा जिना एक आहे.

भिंतीवर मेंढपाळ, खांद्यावर कोकरू.
त्याखाली गोळ्यांचा डबा, सोम ते रवि.
काका डाव्या डोळ्यानं माझ्याकडे बघतात.
कवळी वाटीत.
मी पाव हातात घेतला
आणि सुरीला आठवलं, आधी कडा.
मग लहान चौकोन, दुधात.

कठड्याशी गुडघे टेकून ते ओंजळ पुढे करायचे,
तळहातावर तळहात, नेटका.
आता हात उठत नाही.
त्यांनी तोंड उघडलं.

या वेळी काय म्हणायचं असतं ते मला पाठ आहे.
त्यावर काय म्हणायचं असतं ते त्यांना.
खालून भंगारवाला ओरडत गेला.
दूध हनुवटीवर आलं, मी पुसलं.

सात चौकोन खाल्ले.
मग मान हलवली, पुरे.

कडा मी खाल्ल्या.
चहा तोवर निवला होता.